काय कमी होतं तिला?

मे 1796 मध्ये फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात छापून आली. राष्ट्राध्यक्षांच्या घरातून शनिवारी दुपारी ओनी जज नावाची मुलगी पळाली आहे. रंग उजळ, चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके, डोळे काळेभोर, केस काळे आणि भरघोस. उंची मध्यम, अंगाने सडपातळ, वय विशीच्या आसपास. तिच्याजवळ चांगल्या कपड्यांचे पुष्कळ जोड आहेत, पण वर्णन करता येईल इतके ते कोणाला आठवत नाहीत. ती गोऱ्याने आणून दिली काय किंवा काळ्याने, 10 डॉलर मिळतील.

या जाहिरातीतल्या एका वाक्यावर मी दर वेळी अडते. घरचा कारभारी फ्रेडरिक किट लिहितो, ती जाईल अशी कोणाला शंकाही नव्हती, आणि तिला दुखावण्यासारखं काडीचंही काही घडलं नव्हतं, त्यामुळे ती कुठे गेली असेल याचा अंदाज बांधणं कठीण आहे.

काडीचंही काही घडलं नव्हतं! आणि त्या माणसाला हे मनापासून खरं वाटत होतं, खोटं लिहायची त्याला गरजच नव्हती. घर साधंसुधं नव्हे, जॉर्ज वॉशिंग्टनचं. मुलगी त्याच्या बायकोची, मार्था वॉशिंग्टनची गुलाम, तिची खास दासी. बाईसाहेबांचे केस विंचरणं, पोशाख काढून ठेवणं, फाटलंतुटलं शिवणं, कोणाकडे जायचं झालं की मागे उभं राहणं, ही तिची कामं. शेतात राबणं नाही की पाठीवर चाबूक नाही. घरच्या हिशेबाच्या वह्यांत तिला नाटकाला जायला पैसे दिल्याचीसुद्धा नोंद आहे. मग काय कमी होतं तिला?

हा प्रश्न मराठी घरात वाढलेल्या कोणत्याही बाईने ऐकलेला असतो. आमच्या आळीतली एक सून एकदा माहेरी गेली ती परत आलीच नाही. तेव्हा दुपारच्या निवडण्या-टिपण्याला जमलेल्या सगळ्या बायकांच्या तोंडी हेच होतं. खायला-प्यायला होतं, अंगावर दागिना होता, नवऱ्याने कधी हात उगारला नाही, मग काय कमी होतं? संसार आणि गुलामी यांची बरोबरी मला करायची नाही. जिला बाजारात विकता येत होतं तिच्या दुःखापुढे ती बरोबरी करणं हलकेपणाचं होईल. पण असं विचारणाऱ्याचं मन दोन्हीकडे सारखंच चालतं. पोट भरलेलं असेल तर माणसाला आणखी काही हवं असू शकतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

जाहिरातीतल्या या ओनीचं नाव ओना. तिचा जन्म 1773-74 च्या सुमारास व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या मळ्यावर, माउंट व्हर्ननला झाला. आई बेटी गुलाम होती, शिवणकामात तरबेज. बाप अँड्र्यू जज गोरा इंग्रज शिंपी, काही वर्षांच्या करारावर वॉशिंग्टनकडे कामाला आलेला. कराराची मुदत संपली आणि तो मोकळा होऊन निघून गेला. मुलगी राहिली, कारण व्हर्जिनियाचा कायदा 1662 पासून सांगत होता की मूल आईच्या अवस्थेत जन्मतं. बापाने मुलीला आडनाव तेवढं दिलं. सुईची कला आईकडून आली. पुढे वॉशिंग्टनने पत्रात तिच्या सुईकामाचं कौतुक केलं आहे, पण ते हरवलेल्या वस्तूचा कस सांगावा तसं.

बेटी आणि तिची मुलं तर वॉशिंग्टनच्या मालकीचीही नव्हती. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्याने त्याच्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा मार्थाला मिळाला, पण तो फक्त हयातीपुरता. त्या हिश्शात जमीन होती, जनावरं होती आणि माणसं होती. मार्थाच्या माघारी हे सगळं कस्टिसच्या वारसांकडे जायचं. त्यामुळे वॉशिंग्टनच्या मनात आलं असतं तरी ओनाला मुक्त करायचा अधिकार त्याला नव्हता, आणि ती पळाली तर कस्टिस इस्टेटीला तिची भरपाई त्याला करून द्यावी लागणार होती. त्याच्या पुढच्या पत्रांतल्या तगमगीमागे हा हिशेबही आहे.

दहाव्या वर्षी ओना बाईसाहेबांच्या दिमतीला लागली. 1789 मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला आणि बिऱ्हाड न्यूयॉर्कला हललं, तेव्हा सोबत नेलेल्या सात गुलामांत ती होती. दुसऱ्या वर्षी राजधानी फिलाडेल्फियाला आली, आणि तिथे अडचण उभी राहिली. पेनसिल्व्हेनियाने 1780 मध्ये गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातला मालक तिथे राहायला आला आणि त्याचा गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला, तर त्या गुलामाला स्वातंत्र्य मागता येत असे. काँग्रेसच्या सभासदांना सूट होती, राष्ट्राध्यक्षाचं नाव कायद्यात नव्हतं. खुद्द देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलचे, एडमंड रँडॉल्फचे गुलाम 1791 मध्ये याच कायद्याने मोकळे झाले, आणि त्यानेच येऊन मार्थाला सावध केलं.

त्यावर वॉशिंग्टनने काय केलं ते त्याच्याच शब्दांत कागदावर आहे. एप्रिल 1791 मध्ये तो आपला सचिव टोबायस लिअरला लिहितो की सहा महिने भरायच्या आत या लोकांना काहीतरी निमित्त काढून राज्याबाहेर पाठवावं, आणि निमित्त असं असावं की त्यांनाही कळू नये आणि जनतेलाही. स्वातंत्र्याची कल्पना त्यांना आवरणार नाही, आणि आपला त्यावर हक्क आहे असं एकदा वाटलं तर गुलाम असूनही ते उद्धट होतील, अशी भीतीही त्याच पत्रात आहे. बाईसाहेब शेजारच्या न्यू जर्सीत जाऊन आल्या, दासी बरोबर होती, की सहा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुळात अशी फिरवाफिरव करायला 1788 च्या दुरुस्तीने बंदी घातली होती. देशाचा पहिला नागरिक आपल्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या पोरीपासून कायदा लपवत होता. वॉशिंग्टनचे मोठेपण मी नाकारत नाही, पण ते सांगताना हे पत्र वगळायचं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

फिलाडेल्फियात मात्र ओनाच्या डोळ्यांवर कोणाला पट्टी बांधता आली नाही. त्या शहरातली बहुतेक काळी माणसं तोवर स्वतंत्र झाली होती. कोणी खलाशी, कोणी न्हावी, कोणी धोबीण. 1794 मध्ये तर त्यांनी आपलं स्वतःचं चर्च उभं केलं. बाईसाहेबांच्या कामासाठी बाजारात जाणाऱ्या ओनाला आपल्याच रंगाच्या बायका आपल्या मजुरीचे पैसे आपल्याच हातात मोजून घेताना दिसत असतील. अशा शहरात तिने साडेपाच वर्षं काढली. त्याच काळात, डिसेंबर 1794 मध्ये, तिच्याच बरोबर या घरात काम करणारा सावत्र भाऊ ऑस्टिन प्रवासात वारला, आणि महिना-दीड महिन्यात तिकडे माउंट व्हर्ननला आई गेली.

मार्च 1796 मध्ये मार्थाची नात एलायझा कस्टिस हिचं लग्न झालं. नवरा थॉमस लॉ, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा इंग्रज, आणि त्याचा पैसा आला होता आपल्या हिंदुस्थानातून. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो बिहारमध्ये गयेचा कलेक्टर होता, शेतसाऱ्याच्या पद्धतीवर त्याचं नाव आहे, आणि इथल्या स्त्रीपासून झालेल्या मुलांना घेऊन तो अमेरिकेत गेला होता. गयेच्या रयतेने भरलेला पैसा एका टोकाला आणि व्हर्जिनियाची गुलाम मुलगी दुसऱ्या टोकाला. जग तेव्हाही एवढंच लहान होतं.

मालक-मालकिणीच्या माघारी आपण या नातीच्या वाट्याला जाणार, हे ओनाच्या कानावर आलं. एलायझा लहरी आणि तापट म्हणून सगळ्यांना माहीत होती. मुलीला आंदण देताना हंड्या-कळशांच्या जोडीला एक माणूसही द्यायचं, ही रीत आपल्याला परकी नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या खरेदी-विक्रीच्या, त्या कोणाला बक्षीस दिल्याच्या नोंदी पडून आहेत, आणि त्या बायकांना काय वाटत होतं ते सांगणारा एकही कागद त्यांच्या हातचा नाही. ओनाचं मात्र म्हणणं उरलं आहे. एलायझाची गुलाम व्हायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

पन्नास वर्षांनी तिने सांगितलं, ते असं: घरची माणसं व्हर्जिनियाला जायची बांधाबांध करत होती, तेव्हा मीही बांधाबांध करत होते, कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. एवढं कळत होतं की परत व्हर्जिनियाला गेले तर स्वातंत्र्य कधीच मिळणार नाही. फिलाडेल्फियातल्या काळ्या लोकांत माझी ओळख होती, सामान मी आधीच तिकडे पोचवलं होतं, आणि ते जेवायला बसले असताना घराबाहेर पडले.

सामान आधीच पोचवलं होतं! जाहिरातीत कोणाला न आठवणारे ते कपडे. सगळं घर पेट्या भरतंय, घड्या घालतंय, अशा गडबडीत एक जास्तीचं गाठोडं कोणाच्या नजरेत येणार? आणि बाईसाहेबांच्या कपड्यांची बांधाबांध तिच्याच तर हातात होती. घराच्या कामाची नस ओळखणाऱ्या बाईनेच आखावा असा हा बेत आहे. 21 मे 1796, शनिवार. त्यानंतर ती नॅन्सी नावाच्या शिडाच्या जहाजात बसून उत्तरेला न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला गेली.

तिथे ती लोकांच्या घरी काम करू लागली, आणि त्याच उन्हाळ्यात रस्त्यात तिला एका मुलीने ओळखलं. सिनेटर जॉन लँग्डनची मुलगी, राष्ट्राध्यक्षांच्या घरी ये-जा असलेली. बातमी वॉशिंग्टनपर्यंत गेली. 1 सप्टेंबरला त्याने अर्थमंत्री ऑलिव्हर वॉल्कॉटला लिहिलं. या पोरीला नोकरासारखं नाही, पोटच्या लेकरासारखं वाढवलं, असा कृतघ्नपणा तिला पचू देता कामा नये. तिला कोणा फ्रेंच माणसाने फूस लावली असणार, असंही तो म्हणतो. बाई घर सोडून गेली म्हणजे कोणीतरी पुरुष मागे असणारच, तिला स्वतःचं डोकं कुठून असणार!

अर्थमंत्र्याने काम पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्यावर, जोसेफ व्हिपलवर सोपवलं. वॉशिंग्टनने स्वतः 1793 मध्ये पळालेल्या गुलामांच्या कायद्यावर सही केली होती. त्या कायद्याने गुलामाला न्यायाधीशापुढे उभं करावं लागत असे. ते चारचौघांत झालं असतं, म्हणून ही आडवाट. व्हिपलने घरकामाला बाई हवी आहे असं सांगून तिला बोलावलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हा मालक नाही, मालकाचा माणूस आहे.

ही भेट मला तिच्या पळण्याहून मोठी वाटते. पळताना निदान पाठीशी माणसं होती. इथे एका खोलीत सरकारी अधिकारी, बंदरात तयार जहाज, आणि समोर कागद वाचता न येणारी बावीस-तेवीस वर्षांची बाई. तिने रडारड केली नाही. मालक-मालकिणीबद्दल वाईट बोलली नाही, उलट त्यांच्याविषयी आपल्या मनात आदर आणि माया आहे असं सांगितलं. आणि मग अट घातली. त्या दोघांच्या मृत्यूनंतर मला मुक्त करणार असतील तर मी परत येते. पण पुन्हा गुलाम होऊन कोणाला विकली किंवा दिली जाणार असेन, तर त्यापेक्षा मेलेलं बरं.

राष्ट्राध्यक्षाशी वाटाघाट! व्हिपल विरघळला. त्याने वर कळवलं की हिला कोणी फूस लावलेली नाही, संपूर्ण स्वातंत्र्याची तहान, एवढंच तिच्या जाण्याचं कारण आहे. ती जहाजावर यायला कबूल झाली होती, पण ओळखीच्या लोकांनी तिला परावृत्त केलं आणि जहाज तिच्यावाचून गेलं. मला विचाराल तर ती कधी निघणारच नव्हती. तिने वेळ काढून घेतला. मायेचे ते शब्द खरे होते की डावातले, हे तिचं तिला ठाऊक. दोन्ही असू शकतं. ज्या हातांनी रोज कोणाचे केस विंचरले त्या हातांना त्या माणसाची थोडी ओढ राहिली तरी गुलामी वाईटच राहते.

28 नोव्हेंबरला वॉशिंग्टनने उत्तर लिहिलं. तिच्या अटी मुळीच मान्य होण्यासारख्या नाहीत. बेइमानीला असं बक्षीस दिलं तर जे नोकर निष्ठेने टिकून आहेत आणि तिच्याहून जास्त लायक आहेत, त्यांच्या मनात असंतोष पेरल्यासारखं होईल. तिच्यावर जबरदस्ती केल्याने दंगा होणार असेल तर मात्र राहू द्या, असंही त्याने लिहिलं.

जानेवारी 1797 मध्ये ओनाने जॅक स्टेन्स नावाच्या काळ्या खलाशाशी लग्न केलं. पण पाठलाग संपला नव्हता. 1799 मध्ये मार्थाचा भाचा बर्वेल बॅसेट पोर्ट्समथला आला, लँग्डनकडेच उतरला आणि ओनाच्या घरी गेला. नवरा समुद्रावर, पदरात तान्ही मुलगी. परत चल, तुला मुक्त करतील, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मी आता मुक्तच आहे आणि तशीच राहणार. मग त्याने तिला मुलीसकट जबरदस्तीने न्यायचा बेत लँग्डनला सांगितला. लँग्डनने तिला निरोप पाठवला. तिने तबेल्यातून घोडागाडी भाड्याने घेतली आणि पोरीला घेऊन ग्रीनलंड नावाच्या जवळच्या गावात जॅक्स नावाच्या स्वतंत्र काळ्या कुटुंबाकडे गेली. बॅसेट हात हलवत परतला. डिसेंबरात वॉशिंग्टन वारला.

त्यानंतर तिला न्यायला कोणी आलं नाही. पण यापुढचा काळ सोपा नव्हता, आणि तिची चिकाटी मला इथे दिसते. 1803 मध्ये नवरा गेला. लहान मुलं, हातात मोलमजुरी, न्यू हॅम्पशरचे हिवाळे. मुली दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवाव्या लागल्या. दोन्ही मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. ती म्हातारपणी सरकारी मदतीवर जगत होती. पोटापुरतं तिला माउंट व्हर्ननला नक्कीच जास्त मिळालं असतं. तिथे होती तेव्हा मात्र तिला कोणी एक अक्षर शिकवलं नव्हतं. पळाल्यानंतर ती वाचायला शिकली, बायबल वाचू लागली. वॉशिंग्टनच्या धर्मशीलतेच्या, प्रार्थनांच्या गोष्टी तोवर घरोघर सांगितल्या जात होत्या. तिने सांगितलं, मी गुलाम होते तेव्हा माझ्या पाहण्यात-ऐकण्यात तरी तसं काही नव्हतं.

मे 1845 मध्ये ग्रॅनाइट फ्रीमन या पत्रात तिची मुलाखत छापून आली. जानेवारी 1847 मध्ये लिबरेटरमध्ये आणखी एक आली. तिला विचारलं, वॉशिंग्टनचं घर सोडल्यावर तुला कितीतरी जास्त कष्ट पडले, पश्चात्ताप नाही होत? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे, आणि त्यामुळेच देवाचं लेकरू झाले असं मला वाटतं.

तिच्या पळण्याची किंमत तिच्या बहिणीनेही दिली. ओना नाही म्हणून धाकटी डेल्फी एलायझाच्या घरी गेली. ही गोष्ट बाजूला सारून ओनाचं कौतुक करायला मला जड जातं. पण दोष ओनाचा नाही, ज्यांनी एकीच्या जागी दुसरी भरली त्यांचा आहे. डेल्फीला आणि तिच्या मुलांना थॉमस लॉने 1807 मध्ये मुक्त केलं. मागे राहिलेल्यांना काय वाटत होतं, याचा एक पुरावा त्याच मळ्यावरचा आहे. वॉशिंग्टनचा नामांकित आचारी हर्क्युलिस 22 फेब्रुवारी 1797 रोजी, मालकाच्या वाढदिवशी पळाला. काही आठवड्यांनी माउंट व्हर्ननला आलेल्या फ्रेंच पाहुण्यांपैकी एकाने त्याच्या लहानग्या मुलीला विचारलं, बाबा परत दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, नाही साहेब, मला खूप आनंद झालाय, कारण आता ते मोकळे झालेत.

वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या 123 गुलामांना मुक्त करायचं लिहून ठेवलं. कस्टिस इस्टेटीचे 153 गुलाम वारसांत वाटले गेले. ओना कायद्याने त्या 153 जणांच्याच जातकुळीची, म्हणजे वारसांपैकी कोणीही येऊन तिला उचलू शकलं असतं, आणि तिच्या मुलांनाही, जरी ती मुलं न्यू हॅम्पशरात जन्मली होती. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि त्या दूरच्या लढ्याशी मराठी माणसाचं नातं जोडलं. ओनाला मात्र कोणीच मुक्त केलं नाही. 25 फेब्रुवारी 1848 रोजी ग्रीनलंडला ती वारली तेव्हाही कागदोपत्री ती पळालेली मालमत्ताच होती. स्वातंत्र्य तिने घेतलं आणि जवळजवळ बावन्न वर्षं रोज सांभाळलं.

तिच्या मुलाखतीत आणखी एक गोष्ट आहे. नॅन्सी जहाजाचा कप्तान होता जॉन बोल्स. पळालेल्या गुलामाला थारा देणाऱ्याला 1793 च्या कायद्याने 500 डॉलर दंड होता. व्हिपलने खोदून विचारलं, बॅसेट दारात येऊन बसला, पुढे लोक कौतुकानेही विचारत राहिले असतील. ती सांगते, त्याचं नाव मी कधीच कोणाला सांगितलं नाही, मला आणलं म्हणून त्याला शिक्षा करतील या भीतीने. तो काही वर्षांपूर्वी वारला, आता सांगते.